ऑर्डर असली तरी: नर्स आणि फिजिओथेरपिस्ट स्वतः काय ठरवतात

केसपेपरवर लिहिलंय, सकाळी आठला इन्सुलिन १६ युनिट. साडेसातला दुसऱ्या युनिटचे डॉक्टर सांगून गेले, पोटाची सोनोग्राफी करायची आहे, उपाशी ठेवा. आठ वाजलेत. इन्सुलिनची ऑर्डर कुणी रद्द केलेली नाही आणि रुग्णाला बारा वाजेपर्यंत घासभरही मिळणार नाही. अशा वेळी कागदाप्रमाणे इन्सुलिन टोचलं, तर अकराच्या सुमारास रुग्ण घामाघूम होऊन असंबद्ध बोलायला लागतो. जाणती नर्स आधी ग्लुकोमीटरवर साखर बघते, डोस थांबवून फोन करते आणि काय ठरलं ते वेळेसकट लिहून ठेवते.

यालाच व्यावसायिक स्वायत्तता म्हणतात. शब्द जड आहे, त्यामुळे तो उच्चारला की पुष्कळांना वाटतं, नर्सला डॉक्टर व्हायचंय, फिजिओला डॉक्टर नको झालाय. मुद्दा त्याहून साधा आहे. आपल्या कामाच्या हद्दीत जे दिसतं त्याचा अर्थ स्वतः लावायचा, त्यावर निर्णय घ्यायचा आणि त्या निर्णयाला स्वतः उत्तर द्यायचं. यातला तिसरा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं’ हे वाक्य चौकशीत ढाल म्हणून पुढे केलं जातं, पण ती ढाल फार टिकत नाही.

नर्सचे दिवसभरातले निर्णय ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिले पूर्णपणे तिचे स्वतःचे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू तीस अंशांच्या वर उचलून ठेवायची, सलाइनच्या सुईची जागा लाल होऊन दुखतेय म्हणून ती काढून दुसऱ्या हाताला लावायची. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. दुसरे निर्णय लेखी नियमावलीने आधीच तिच्या हाती दिलेले असतात. तिसरे डॉक्टरांच्या ऑर्डरवर चालतात, आणि तिथेही तिची अक्कल गहाण पडत नाही. गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात, म्हणून तिथेच जरा थांबू.

दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात ठळक उदाहरण गावातल्या उपकेंद्रात सापडतं. आठव्या महिन्यातली बाई, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, रक्तदाब १७०/११० आणि तेवढ्यात झटका येतो. डॉक्टर वीस-तीस किलोमीटरवर. केंद्र सरकारच्या २०१०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ए.एन.एम., म्हणजे उपकेंद्रातली नर्स, इथे झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस स्वतः देऊ शकते. एकूण दहा ग्रॅम, म्हणजे पन्नास टक्के द्रावणाच्या दोन-दोन मिलिलिटरच्या दहा अँप्युल. पाच एका कुल्ल्यात खोल स्नायूत, पाच दुसऱ्यात. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ-उलटी पुसून श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायचा, १०८ला फोन करायचा आणि पुढच्या रुग्णालयाला कळवून रवाना करायचं.

एवढं प्रभावी औषध ए.एन.एम.च्या हाती का दिलं? कारण त्या निर्णयाची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. ते कधी द्यायचं याच्या खुणा थोड्या आणि स्पष्ट आहेत. डोस ठरलेला आहे, वजनावरून गणित करावं लागत नाही. शिरेतून द्यायचं नाही, फक्त स्नायूत. डोस एकच, नंतरचे डोस मोठ्या रुग्णालयात, कारण तिथे प्रत्येक डोसआधी श्वास मिनिटाला सोळा किंवा त्याहून जास्त आहे ना, गुडघ्याखाली हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो ना, लघवी तासाला तीस मिलिलिटर तरी होतेय ना हे बघता येतं आणि उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असतं. न देण्याचा धोका मात्र मोठा: रस्त्यात दुसरा झटका आला तर आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. जिथे थांबण्याची किंमत चुकण्याच्या किमतीपेक्षा जास्त असते, तिथे निर्णय जवळच्या माणसाकडे सोपवायचा, हे या नियमामागचं तर्कशास्त्र. बाळंतपणानंतर लगेच, रक्तस्राव रोखण्यासाठी, ऑक्सिटोसिनची दहा युनिट स्नायूत देण्याची मुभा त्याच विचारातून आलेली आहे.

तरीही हे इंजेक्शन काही वेळा कपाटातच राहतं. कारण वैद्यकीय नसतं. ‘काही झालं तर माझ्यावर येईल’ ही भीती असते, आणि नियमावली कपाटाच्या तळाशी असते. प्रशिक्षणात सूचना वाचून दाखवतात, दहा अँप्युल प्रत्यक्ष फोडून सिरिंजमध्ये भरायला किती वेळ लागतो याची रंगीत तालीम कुणी घेत नाही. ती तालीम एकदा केली की हात थरथरत नाही.

आता तिसरा प्रकार. रुग्णाचं पोटॅशियम २.६, म्हणजे फार कमी आलंय आणि घाईत लिहिलेली ऑर्डर आहे: ‘के.सी.एल. एक अँप्युल आय.व्ही. स्टॅट’, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड शिरेतून, ताबडतोब. आपल्याकडे मिळणारं दहा मिलिलिटरचं पंधरा टक्क्यांचं अँप्युल म्हणजे वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. ते सिरिंजने थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा ‘सलाइनमधून, आजच सुरू करा’ असंच असतं, पण कागदावर ते उतरलेलं नाही. नर्सने इथे काय करायचं? आधी लघवी किती झाली आणि क्रिएटिनिन किती आहे ते बघायचं, कारण मूत्रपिंड चालत नसेल तर हेच पोटॅशियम अंगात साठतं. मग फोन करून ऑर्डर पूर्ण करून घ्यायची: किती द्रावणात, किती तासांत, मॉनिटर लावायचा का. हाताच्या शिरेतून साधारण रीत अशी की वीस मिलिइक्विव्हॅलंट पाचशे मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये, तासाला दहापेक्षा जास्त नाही, म्हणजे बाटली दोन तासांत. डेक्स्ट्रोजमध्ये शक्यतो घालत नाहीत, कारण साखरेमुळे इन्सुलिन स्रवतं आणि पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जाऊन रक्तातलं आणखी उतरतं.

याच ठिकाणी एक बारीक चूक होते, अनुभवी माणसांकडूनही. लटकत्या, चालू सलाइनमध्ये वरून पोटॅशियम टोचलं जातं. ते जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ तसंच्या तसं शिरेत जातं. बाटली खाली घ्यायची, नळी बंद करायची, औषध घालून सात-आठ वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं, मग टांगायची. ऑर्डरमध्ये यातलं काहीही लिहिलेलं नसतं. ऑर्डर ‘काय’ सांगते, ‘कसं’चा बराचसा भाग नर्सच्या ज्ञानावर चालतो.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडच्या बाटलीत बहुतेक वेळा मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये शंभर. पेन बिघडलं म्हणून कुणी चाळीसच्या लाल टोपीच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून ‘१६ युनिट’ ओढले तर रुग्णाला प्रत्यक्षात चाळीस मिळतात. हे पकडायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा वाचायची सवय लागते.

निर्णय घ्यायचा तर आधी दिसलं पाहिजे. तब्येत बिघडतेय हे वेळेत ओळखण्यासाठी इंग्लंडमध्ये वापरली जाणारी न्यूज-२ ही गुणपद्धत रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली आणली आणि आता आपल्याकडच्याही काही रुग्णालयांत दिसते. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. समजा रात्री दोन वाजता एका रुग्णाचे आकडे असे आहेत: श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९४ टक्के, रक्तदाब १०८, नाडी ११२, ताप १०१. एकेक वेगळा बघितला तर ‘सकाळी राउंडला सांगू’ असं वाटण्यासारखा. गुण मांडले तर श्वासाचे दोन, ऑक्सिजनचा एक, रक्तदाबाचा एक, नाडीचे दोन, तापाचा एक, एकूण सात. आणि सात म्हणजे तातडीने डॉक्टर बेडपाशी हवेत.

आता गंमत बघा. आपल्या वॉर्डांत केसपेपर चाळले तर निम्म्या रुग्णांचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला असतो, कारण तो पूर्ण मिनिट मोजायला वेळ नसतो आणि मशीन तो दाखवत नाही. वरच्या उदाहरणात २४च्या जागी २० लिहिलं की बेरीज पाचवर येते. पाचलाही डॉक्टरांना तातडीने बोलवायचंच असतं, पण सातची घाई त्यात उरत नाही. ज्या आकड्यात बिघाड बहुधा सर्वांत आधी दिसतो, तोच अंदाजे लिहिला जातो. चाळीस रुग्णांमागे रात्रपाळीला दोन नर्स असतील तर हे होणारच, आणि त्याचा दोष फक्त त्या दोघींवर टाकणं सोयीचं असलं तरी खरं नाही. मोजायला वेळच नसेल तर स्वतंत्र निर्णयाच्या गप्पा पोकळ ठरतात.

दिसलं, समजलं, आता सांगायचं. रात्री झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांना ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ असं सांगितलं तर उत्तर ठरलेलं: ‘बघत राहा.’ त्याऐवजी असं: ‘सर, फीमेल मेडिकलमधून स्टाफ बोलतेय, बेड १४. परवा न्यूमोनियासाठी भरती, अँटिबायोटिकचा दुसरा दिवस. श्वास २४, ऑक्सिजन ९४, नाडी ११२, बी.पी. १०८, दहा वाजल्यापासून वाढत चाललंय. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन लावू का, रक्त काढून ठेवू का?’ (सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी व्हायला लागणं.) कोण, काय पार्श्वभूमी, आत्ता काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. यातलं ‘मला काय वाटतं’ बोलायला आपल्याकडच्या नर्सेस कचरतात. वर्षानुवर्षं त्यांना शिकवलं गेलंय की निदानाचा शब्द उच्चारणं म्हणजे आगाऊपणा. पण शंका म्हणजे निदान नव्हे, आणि ती न सांगितल्याने डॉक्टरांचंही नुकसानच होतं.

फोनवर मिळालेली ऑर्डर ऐकता ऐकता लिहायची, मग वाचून दाखवायची, औषधाचं नाव आणि आकडा सुटा सुटा करून: ‘पंधरा, एक पाच.’ पंधरा आणि पन्नास फोनवर सारखे ऐकू येतात. डॉक्टर आले की सही घ्यायची. आणि नोंद करताना ‘डॉक्टरांना कळवले’ एवढंच लिहायचं नाही. हे दोन शब्द हजारो केसपेपरांवर आहेत आणि वेळ आली की कुणाच्याच कामाला येत नाहीत. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, कोणते आकडे सांगितले, उत्तर काय मिळालं, हे चार तुकडे हवेत. डोस थांबवला असेल तर ‘दिला नाही, कारण रुग्ण उपाशी, साखर ८२, अमुक वाजता विचारलं’ असं सरळ लिहायचं. ‘डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं’ असलं मत लिहायचं नाही. वेळा आणि आकडे जे सांगायचं ते सांगतात. दहा मिनिटांत फोन उचलला गेला नाही तर वरच्या डॉक्टरांना, तिथेही नाही तर मेट्रनला आणि कॅज्युअल्टीला. ही साखळी वॉर्डाच्या भिंतीवर नंबरांसकट लावलेली असली पाहिजे, नाहीतर रात्री अडीचला कुणाला उठवायचं यावरच वेळ जातो.

फिजिओथेरपीत प्रश्न वेगळ्या चेहऱ्याने येतो. तिथे चिठ्ठी येते: ‘कंबरदुखी. एस.डब्ल्यू.डी., आय.एफ.टी., ट्रॅक्शन, दहा दिवस.’ म्हणजे शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक, विजेच्या लहरी आणि कंबर ताणणं, रुग्णाच्या भाषेत ‘दहा दिवस शेक आणि वजन’. चिठ्ठी लिहिणाऱ्याला घाई असते, रुग्णाला मशीन हवं असतं, आणि चिठ्ठीप्रमाणे मशीन लावून पैसे घेणं सगळ्यात सोपं असतं. पण चांगला फिजिओ आधी अर्धा तास तपासतो. समजा तिशीतला माणूस आहे. दुखणं रात्री वाढतं, झोपून राहिलं तरी कमी होत नाही. संध्याकाळी कणकण येते, दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरलंय, मणक्याच्या एका ठरावीक टोकावर हलकं ठोकलं तरी कळ येते. आपल्या देशात हे चित्र दिसलं की मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करायचा. अशा पोखरलेल्या मणक्याला ट्रॅक्शन किंवा झटका देऊन ‘मणका बसवणं’ म्हणजे पाय लुळे पाडायला आमंत्रण. इथे चिठ्ठी बाजूला ठेवून रुग्णाला लेखी निरीक्षणांसह डॉक्टरांकडे परत पाठवायचं, ई.एस.आर., एक्स-रे आणि एम.आर.आय. सुचवायचं आणि तोवर मशीन बंद.

अशा आणखी काही जागा आहेत. कंबरदुखीबरोबर दोन्ही पायांत अशक्तपणा, बसायच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी तुंबलेली किंवा कळेनाशी झालेली असेल तर मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलाय. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं, ‘उद्या या’ चालत नाही. गुडघा बदलल्यावर एका पोटरीला सूज आली, टेपने मोजल्यावर नडगीच्या वरच्या उंचवट्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसऱ्या पायापेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त फरक निघाला, तर मालीश नाही, व्यायाम नाही, आधी डॉप्लर, म्हणजे शिरेत गुठळी आहे का ते दाखवणारी सोनोग्राफी. पेसमेकर असलेल्या माणसाला किंवा गर्भवती बाईला शॉर्टवेव्ह डायथर्मी लावायची नाही, आणि जिथे शेकायचं तिथे धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल तरी नाही. ही लाट धातूभोवती उष्णता गोळा करते. जुन्या फ्रॅक्चरची पट्टी चिठ्ठीत लिहिलेली नसते. ‘पायात कधी रॉड घातला होता का?’ हे विचारणं फिजिओचं काम.

नकार देण्याइतकाच निवडीचा भागही त्याचाच. गुडघ्याच्या झिजेला मांडीचा स्नायू बळकट करणं हा गाभ्याचा उपचार, शेक हा आराम. किती वजन, किती वेळा, कधी वाढवायचं हे रोजच्या प्रतिसादावरून ठरतं: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर भार बरोबर, नाही उतरलं तर कमी करायचा. हे चिठ्ठीत आधीपासून लिहिता येणारच नाही. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बसवायचं की नाही हेही तसंच. ऑक्सिजनचं प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) दहापर्यंत, श्वास तीसच्या आत, ऑक्सिजनची पातळी नव्वदच्या वर अशा मर्यादा घालून दिलेल्या असतात, पण आज, या माणसाला, आत्ता उठवायचं का, हे बेडशेजारी उभा असलेला फिजिओ आणि नर्स मिळून ठरवतात.

कायदा काय म्हणतो? फिजिओथेरपीच्या बाबतीत बराच पुढे गेलाय. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपिस्टची व्याख्या आहे. तो सर्वंकष तपासणी करतो आणि स्वतंत्रपणे किंवा चमूचा भाग म्हणून व्यवसाय करू शकतो, असं त्यात म्हटलंय. किमान पात्रता पदवी. ऑस्ट्रेलियात १९७६पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फिजिओकडे जाता येतं, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत २०१५पर्यंत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात ती मुभा आली. आपल्याकडे वाद मात्र नावापुढच्या ‘डॉ.’वर रंगतो, सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याविरुद्ध पत्र काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. रुग्णाच्या दृष्टीने तो वाद दुय्यम. क्षयाचा मणका ओळखता येतो का, हा प्रश्न पहिला.

नर्सिंगचा कायदा मागे राहिला. १९४७चा भारतीय परिचर्या परिषद कायदा मुख्यतः शिक्षणाच्या एकसमान दर्जासाठी होता. २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व सुईणकाम आयोगाचा नवा कायदा संमत झाला. दरम्यान २०१८च्या धोरणातून अठरा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेल्या सुईण-नर्स प्रॅक्टिशनरची वाट मोकळी झाली, अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. पण शिकून आलेल्या या मुलींना बरीच रुग्णालयं पुन्हा स्टाफ नर्सच्याच जागेवर उभं करतात. ब्रिटनमध्ये पात्र नर्सना २००६पासून आणि फिजिओंना २०१३पासून स्वतंत्रपणे औषध लिहिता येतं. तिथे गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

जबाबदारीची बाजू न्यायालयांनी मात्र जुनीच सांगितलेली आहे. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात नर्सने शिरेतून दिलेल्या इंजेक्शनने लहान मुलाचं हृदय थांबलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली रुग्णालयाला जबाबदार धरून मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाखांची भरपाई कायम ठेवली. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेली मुलगी पांढरा कोट घालून इंजेक्शनं देते, तेव्हा तिला स्वायत्तता मिळालेली नसते. मालकाने पगार वाचवून धोका तिच्या आणि रुग्णाच्या गळ्यात घातलेला असतो.

फिजिओच्या स्वातंत्र्यालाही एक खासगी धोका आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सुटली तरी गल्ला सुटत नाही. चिठ्ठीमागे ‘कट’, म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन, असेल तर चिठ्ठीला नाही म्हणणं अवघड, आणि सिटिंगमागे पैसे असतील तर पाच सिटिंगमध्ये बऱ्या होणाऱ्याला वीस सांगायचा मोह. महाराष्ट्रात कट-प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ साली तयार झाला होता, तेव्हा या गोष्टी जाहीरपणे बोलल्या गेल्या.

रुग्णाच्या नातेवाइकांना यातलं काय ओळखता येईल? सिस्टर ‘थांबा, विचारून देते’ म्हणाली तर ती टाळाटाळ करतेय असं धरू नका. कशाबद्दल विचारतेय ते विचारा, सांगेल. फिजिओने पहिल्या दिवशी हात न लावता, कपडे न सरकवता, रात्रीचं दुखणं, ताप, वजन, जुनी ऑपरेशनं यातलं काही न विचारता थेट मशीन लावलं तर तिथेच थांबा. त्याचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे आणि नर्सेससाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद. चौथ्या-पाचव्या सिटिंगला ‘पहिल्या दिवशी काय मोजलं होतं आणि आज किती आहे?’ असं विचारा. गुडघा किती अंश वाकतो, खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं, असा काहीतरी आकडा त्याच्या वहीत असायला हवा.